देशाची बेगमी

एप्रिल-मे महिना आला की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा अशा कुठल्याही वस्तीत फिरून या. मराठी घर ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. गच्चीवर गहू वाळत असतो, शेजारी जुन्या साडीवर कुरडया-पापड पसरलेले असतात आणि राखणीला एखादी आजी बसलेली असते. गव्हाला एरंडेल चोळायचे, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि कोठी भरून ठेवायची. याला आपण बेगमी म्हणतो.

घरातली तरुण मंडळी विचारतात, "दहा मिनिटांत पीठ दारात येतं, मग वर्षाचा गहू कशाला भरून ठेवायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. जगभरच्या सरकारांनाही तो पडतो. फरक इतकाच की त्यांच्या कोठीत गव्हाबरोबर कच्चे तेल, दारूगोळा, टंगस्टन, कोबाल्ट, लोहचुंबकांचे धातू आणि एके काळी तर हिरेसुद्धा असत. त्यांची कोठी रिकामी निघाली तर किंमत सीमेवरच्या माणसाला मोजावी लागते.

मी सुरतच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात एकतीस वर्षे स्टोअर सांभाळले. नट-बोल्टपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळे माझ्या रजिस्टरमध्ये असे. त्या नोकरीत मी चार प्रश्न विचारायला शिकलो. देशाच्या संरक्षणासाठी साठा करणाऱ्या सरकारांनाही हेच चार प्रश्न लागू पडतात.

पहिला प्रश्न: कशावाचून काम अडेल?

स्टोअरमध्ये नवा आलेला मुलगा महागड्या वस्तूंना कुलूप लावतो आणि स्वस्त वस्तू उघड्यावर ठेवतो. वर्षभरात त्याला कळते की लाखाची मोटर पडून राहते आणि दोनशे रुपयांच्या ऑइल सीलवाचून अख्खी लाइन बंद पडते. किंमत आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटले आणि तापीने सुरत बुडवली, तेव्हा हे सगळ्या शहराला कळले. तुमच्यापैकी काही जण तेव्हा पाळण्यात असाल, काहींचा जन्मही झाला नसेल. आमच्या इमारतीत पहिला मजला पाण्यात होता. वर आम्ही सात कुटुंबे. कपाटांत दागिने होते, बँकेत पैसे होते, पण प्यायला पाणी नव्हते आणि तान्ह्या मुलांना दूध नव्हते. त्या तीन दिवसांत पिण्याच्या पाण्याच्या एका पिंपापुढे सगळ्यांच्या तिजोऱ्या फिक्या पडल्या.

युद्धातही असेच होते. एक उदाहरण आपल्या खानदेशाचे घ्या. सरकीवर जिनिंगनंतर जो आखूड, लवेसारखा कापूस उरतो, त्याला लिंटर म्हणतात. त्याचे सूत निघत नाही. पण त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते आणि त्यापासून तोफगोळ्याला पुढे ढकलणारी दारू बनते. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोपीय संघाने वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले होते. मार्च २०२४ पर्यंत जेमतेम निम्मे गेले. कारणे अनेक होती, पण त्यांतले एक ऐकून हसू येईल: दारूसाठी लागणारे लिंटर मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत होते. तोफा होत्या, पोलाद होते, इंजिनिअर होते, आणि गाडे अडले ते सरकीच्या लवेवर!

आपल्याकडे हजिऱ्याला 'के-९ वज्र' ही स्वयंचलित तोफ बनते. पहिल्या शंभर तोफा २०२१ पर्यंत सैन्याला मिळाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभरांचा करार झाला. सुरतकर म्हणून अभिमान वाटतो. पण तोफ म्हणजे अर्धीच गोष्ट. बाकीची अर्धी म्हणजे दारू आणि गोळे, आणि ती महाराष्ट्रातल्या भंडाऱ्यासारख्या आयुधनिर्माणींमधून पुरी होते. खानदेशातल्या आपल्या मंडळींना वरणगावचा कारखाना ठाऊकच आहे. तिथे बंदुकीची काडतुसे बनतात. काडतुसाला पितळ हवे, पितळाला तांबे आणि जस्त हवे. साखळीतली एक कडी तुटली की तोफ नुसती शोभेची.

दुसरे उदाहरण सुरतेच्या काळजाजवळचे, हिऱ्याचे. आपण हिरा म्हटले की वराछा, महिधरपुरा आणि दागिने डोळ्यांपुढे आणतो. पण दुसऱ्या महायुद्धात हिरा हे युद्धसाहित्य होते. कठीण धातूची हत्यारे घासायला आणि बारीक तार ओढायच्या साच्यांना औद्योगिक हिरा लागतो. त्याच्याशिवाय विमानांची इंजिने आणि तोफांच्या नळ्या नेमक्या मापात बनवणे अवघड. म्हणून अमेरिकेने औद्योगिक हिऱ्यांचा सरकारी साठा केला होता. आज औद्योगिक कृत्रिम हिऱ्याचे बहुतेक उत्पादन चीनमध्ये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने कृत्रिम हिऱ्याची पावडर आणि हिरा जडवलेली कापणीची हत्यारे यांवर निर्यात-निर्बंध जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ते वर्षभरासाठी स्थगित झाले, पण दोरी कुणाच्या हातात आहे ते जगाला दिसले. प्रयोगशाळेत हिरा वाढवण्याचे काम आज सुरतेतही होते. ते दागिन्यांपुरतेच ठेवायचे की यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा हिराही इथेच वाढवायचा, हा सुरतच्या तुमच्या पिढीपुढचा खरा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न: संपला तर नवा माल यायला किती दिवस?

स्टोअरचे साधे गणित आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, आणि वर थोडी भर. या आकड्याखाली साठा गेला की ऑर्डर द्यायची. जी वस्तू चौकातल्या दुकानात मिळते तिचा साठा करायला नको. जी जर्मनीहून सहा महिन्यांनी येते, तिची एक जास्तीची नग कपाटात हवीच, मग ती दहा वर्षे वापरली नाही तरी चालेल.

देशाच्या बाबतीत हे दिवस फार मोठे असतात. खनिज सापडल्यापासून खाण चालू व्हायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात. म्हणून साठा करणे म्हणजे खरे तर वेळ विकत घेऊन ठेवणे.

भारताने हे कच्च्या तेलाबाबत केले आहे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखाली खडक कोरून प्रचंड गुहा तयार केल्या आहेत. तिन्ही मिळून ५३.३ लाख टन तेल मावते. आकडा मोठा वाटतो, पण देशाच्या खपाच्या हिशेबाने तो सुमारे साडेनऊ दिवसांचा. तेल कंपन्यांच्या टाक्या धरल्या की दिवस बरेच वाढतात. एप्रिल-मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे तेलाचे भाव कोसळले, तेव्हा सरकारने या गुहा भरून घेतल्या आणि पाच हजार कोटी रुपयांहून अधिक वाचवले. आई गहू सुगीत भरते, श्रावणात नाही. तसेच हे.

जपानची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. स्वतःकडे खनिजे नाहीत म्हणून त्या देशाने १९८३ पासून दुर्मिळ धातूंचा साठा ठेवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीवरून वाद पेटला आणि चीनमधून जपानला जाणारी दुर्मिळ मृदा धातूंची जहाजे थबकली. हे धातू शक्तिशाली चुंबकांना लागतात, आणि ती चुंबके क्षेपणास्त्रांपासून मोटारींपर्यंत सगळीकडे असतात. जपानने घाबरून नुसती कोठी वाढवली नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या लायनस या कंपनीत पैसे घातले, कमी धातूत चालणारी चुंबके शोधली, जुन्या यंत्रांतून धातू परत काढायला सुरुवात केली. चीनवरचे त्यांचे अवलंबित्व पूर्वीच्या सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आले. कोठीने वेळ दिला आणि त्या वेळात त्यांनी काम केले.

आपल्याला हा धडा २०२५ मध्ये मिळाला. एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांतच इलेक्ट्रिक दुचाकी बनवणाऱ्या आपल्या काही कंपन्यांना उत्पादन कमी करावे लागले. बॅटरी तयार, सांगाडा तयार, आणि मूठभर चुंबकासाठी गाडी उभी.

तिसरा प्रश्न: ठेवलेला माल टिकेल का?

कोठीतल्या गव्हाला सोंडे लागतात. रबरी सील कडक होते. बेअरिंगवरचे ग्रीस सुकते. म्हणून स्टोअरमध्ये जुना माल आधी द्यायचा आणि नवा मागे लावायचा. साठा करणे सोपे, साठा जिवंत ठेवणे अवघड.

हे आपल्या पूर्वजांना किती बारकाईने ठाऊक होते, ते 'आज्ञापत्र' वाचताना कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा १७१५ चा राजनीतीचा ग्रंथ. त्यातले दुर्गप्रकरण म्हणजे मला तर एखाद्या नामांकित कारखान्याचे स्टोअर मॅन्युअलच वाटते. आधी पाणी पाहा, मग किल्ला बांधा. एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी खोदा, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात. दारूचे कोठार राहत्या घरांपासून लांब ठेवा. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण बाहेर काढून उन्हात तापवून पुन्हा मोहोरबंद करावेत. तीनशे वर्षांपूर्वीची तपासणीची ही वेळापत्रके! पन्हाळ्यावरची अंबरखान्याची धान्यकोठारे पाहिलीत तर किल्ला म्हणजे आधी कोठी आणि मग तटबंदी, हे पटेल. १६६० मध्ये सिद्दी जौहरने त्याच पन्हाळ्याला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला होता.

दारू घरांपासून लांब ठेवा, हा नियम अजूनही जुना झालेला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली आणि सोळाहून अधिक जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. बाकीची शेडे वाचवण्यासाठी ती माणसे आगीकडे गेली होती. कोठी राखणे हीसुद्धा सीमेवरचीच नोकरी आहे, फक्त तिचे संचलन टीव्हीवर दिसत नाही.

चौथा प्रश्न: रजिस्टर खरे बोलते का?

कपाटात तीन नग आणि कागदावर तीस, ही स्टोअरमधली सगळ्यात जुनी लबाडी. माल नाही हे माहीत असेल तर माणूस सोय करतो. आहे असे समजून बसला की बुडतो.

इथे आपल्याच शहराची गोष्ट सांगायला हवी. सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाला शाळेत एकदा तरी ऐकावे लागते, "तुमच्या शिवाजीने आमचं सुरत लुटलं." तुम्ही चिडून उत्तर देता किंवा गप्प बसता. तिसरा मार्गही आहे. जानेवारी १६६४ चे सुरत नीट समजून घ्यायचे.

ते मोगलांचे सगळ्यात श्रीमंत बंदर. वीरजी व्होरांसारखे व्यापारी, ज्यांच्या संपत्तीचे आकडे परदेशी लोक लिहून ठेवत. याच भागातून इंग्रज-डच वखारी सोराही विकत घेत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक, त्या काळचे 'महत्त्वाचे खनिज'. पुढे त्यांना बिहारचा सोरा मिळाला आणि प्लासीनंतर तो इंग्रजांच्या हातात एकवटला, तेव्हा युरोपातल्या त्यांच्या लढायांचेही पारडे फिरले. सांगायचे हे की सुरतेत पैसा होता, माल होता, दारूचा कच्चा मालसुद्धा होता.

नव्हती ती तयारी. शहराभोवती मातीचा किरकोळ तट होता. सुभेदार इनायतखान पाचशे सैनिकांचा खर्च सरकारकडून घेत असे, पण तेवढे सैनिक त्याने ठेवलेच नव्हते, असे जदुनाथ सरकार लिहितात. संकट आले तेव्हा तो तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. तिकडे इंग्रजांच्या वखारीत जॉर्ज ऑक्झेंडनने जहाजांवरची माणसे आणि तोफा आणून ठेवल्या होत्या. ती वखार वाचली. पाचशे माणसे कागदावर असण्यापेक्षा थोडीच, पण खरी असलेली बरी.

व्यापाऱ्यांना फार सोसावे लागले, हे खरेच आहे, ते नाकारायचे कारण नाही. दुसरीकडे शायिस्ताखानाने पुण्यात तीन वर्षे तळ ठोकून स्वराज्याचा मुलूख पिळून काढला होता आणि महाराजांना खजिना पुन्हा भरायचा होता, हेही खरे. पण पुढे काय झाले ते पाहा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पैसा पैसा म्हणून पडून राहिला नाही. त्याचे किल्ले झाले, गलबते झाली, दारूगोळा झाला. औरंगजेबाने सुरतेला पक्का विटांचा कोट बांधायला लावला, तो हल्ल्यानंतर.

कागदावरच्या पाचशे माणसांची गोष्ट जुनी झाली म्हणाल, तर २०१५ चा महालेखापालांचा अहवाल वाचा. सैन्याकडे चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका दारूगोळा असावा, असा निकष होता. मार्च २०१३ च्या हिशेबात दारूगोळ्याच्या केवळ १० टक्के प्रकारांत तेवढा साठा होता, तर निम्म्या प्रकारांत दहा दिवसांचाही नव्हता. वाचून वाईट वाटते. पण मला त्यात एक चांगली गोष्टही दिसते: कुणीतरी कपाट उघडून मोजले आणि संसदेपुढे खरे ते ठेवले. पुढे २०१६ मध्ये उरीनंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार सैन्याला दिले गेले. इनायतखानाचे कपाट कुणी उघडून पाहिलेच नव्हते.

मग सगळेच भरून ठेवायचे का?

नाही. स्टोअरमध्ये डेड स्टॉक हाही गुन्हाच. अमेरिकेने १९३९ मध्ये कायदा करून सामरिक साहित्याचा साठा सुरू केला. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि जावा घेतल्यावर रबर आणि क्विनीन दोन्ही तुटले, तेव्हा साठ्याचे महत्त्व पटले आणि शीतयुद्धात कोठ्या भरभरून वाहिल्या. शीतयुद्ध संपल्यावर आता बाजारात सगळे मिळते म्हणत बहुतेक माल विकून टाकला. आणि २०२५ मध्ये त्याच साठ्यासाठी पुन्हा दोन अब्ज डॉलर मंजूर केले. स्वित्झर्लंडची पद्धत वेगळी आहे. तिथे धान्य, इंधन, औषधे यांचा ठरावीक महिन्यांचा साठा आयात करणाऱ्या कंपन्यांनीच ठेवायचा, असा नियम आहे. माल रोजच्या व्यापारात फिरत राहतो म्हणून सडत नाही.

भारताने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर झाले, त्यात साठा करण्याचीही तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना आली. आपल्या गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या अंबाडुंगरला दुर्मिळ मृदा धातूंचे साठे आहेत. म्हणजे खडक आहे. खडकापासून चुंबकापर्यंत नेणारी माणसे मात्र थोडी आहेत, आणि ही बेगमी कुठल्याही गुहेत करता येत नाही.

म्हणून दहावी-बारावीच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईबाबांना माझे सांगणे आहे. सगळ्यांनी संगणकाकडेच धाव घेण्याआधी धातुशास्त्र आणि रसायन अभियांत्रिकी या शाखांकडे एकदा बघा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्र आहे, आपल्या एसव्हीएनआयटीत रसायन अभियांत्रिकी आहे. ज्यांना नोकरीपेक्षा धंदा बरा वाटतो, त्यांनी जुन्या मोबाइल, मोटर आणि हार्ड डिस्कमधून धातू आणि चुंबके परत काढण्याच्या कामाची माहिती घ्या. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली आहे. भंगार ओळखणारी नजर आणि बारीक काम करणारे हात सुरतेत कमी नाहीत.

आणि एखाद्या रविवारी चौक बाजारातला तापीकाठचा किल्ला बघून या. महानगरपालिकेने तो छान दुरुस्त केला आहे. हाच तो किल्ला, जिथे इनायतखान दार लावून बसला होता. बरोबर एखादा गुजराती मित्र असेल तर उत्तमच. १६६४ ची गोष्ट दोघांनी मिळून वाचा. त्यात कोण जिंकले, यावर तुमचे एकमत होणार नाही. कोठीत काय असायला हवे होते, यावर होईल.